बोर्डिंगातली ताटली : आपल्या घरातल्या जुन्या बोर्डिंगवाल्यांच्या आठवणी लिहून काढूया का?

म्हसवडची_नात

नमस्कार मंडळी,

आमचे दादा, म्हणजे माझे आजोबा, गेल्या मार्चमध्ये गेले. १९५१ साली बाराव्या वर्षी ते माण तालुक्यातून सातारला आले. पुसेगावपर्यंत चालत, तिथून पुढे मिळेल त्या ट्रकने. धनिणीच्या बागेतल्या श्री छत्रपती शाहू बोर्डिंगात राहिले, महाराजा सयाजीराव हायस्कूलात शिकले. पुढे कोयनेच्या धरणाचं काम सुरू झालं तेव्हा तिथे मस्टर कारकून म्हणून लागले. निवृत्त झाल्यावर गावी आले आणि पारावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत राहिले. एवढंच त्यांचं चरित्र. कुठल्या स्मरणिकेत ते नाही.

दिवसकार्य झाल्यावर माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात ११२ आकडा. आत शाळा सोडल्याचा दाखला, कसर लागलेलं घोंगडं, वळकटी बांधायची सुंभाची दोरी आणि एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची ताटली. ताटली काठाला एका जागी चेपलेली. उलटी करून पाहिली तर पाठीवर खिळ्याने टिंबं ठोकून ८६ काढलेला. आठाचं शेवटचं टिंब इतक्या जोरात बसलंय की आरपार भोक पडलंय, म्हणजे त्यात पातळ आमटी टिकत नसणार! ही ताटली दादांनी सत्तर वर्षं का जपली, ते कुणालाच सांगता आलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे आकडे कसले? दुसरी मोठी आहे. बोर्डिंगातून शिकून नावारूपाला आलेल्यांची माहिती आपल्याला आहे. बॅ. पी. जी. पाटील ही बोर्डिंग काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या, म्हणजे अण्णांच्या हाताखाली वाढले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. पण जे कारकून झाले, प्राथमिक शिक्षक झाले, कंडक्टर झाले, गावी परत जाऊन शेती केली, त्यांचं कोण लिहिणार? कर्मवीर अण्णा ९ मे १९५९ ला गेले. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली मुलं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ज्याच्या घरात असं कुणी आहे किंवा होतं, त्याने इथे दोन शब्द लिहावेत अशी कळकळीची विनंती आहे.

निवृत्त_मास्तर_कराड

ताई, दादांना नमस्कार. मी साठच्या दशकात कराड भागातल्या एका बोर्डिंगात होतो. आमच्याकडे ट्रंक, ताटली आणि तांब्या तिन्हींवर एकच नंबर असायचा. हजेरीचा नंबर वेगळा आणि हा भांड्याचा वेगळा. पहिल्याच दिवशी मोठी मुलं खिळा आणि दगड घेऊन बसायची आणि नव्या पोराच्या ताटलीवर नंबर ठोकून द्यायची. जेवणं झाली की हौदाजवळ राखेच्या ढिगाशी ओळ लागायची. ताटली ज्याची त्याने घासायची, मग तो पाटलाचा असो की बलुतेदाराचा. घासलेली ताटली उताणी ठेवली तर रेक्टर ती उचलून परत राखेत टाकायचे. पालथीच ठेवायची, म्हणजे नंबर वर दिसतो.

म्हणून म्हणतो, ट्रंक ११२ आणि ताटली ८६ म्हणजे ताटली तुमच्या दादांची नसावी. घरात नीट चौकशी करा.

घाटमाथा

आमचे वडील शेवटपर्यंत जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला फार संकोच वाटायचा, सासरे ताट घासतायत आणि सून उभी आहे. एकदा मी हातातून घ्यायला गेले, तर म्हणाले, "पोरी, ही सवय मला चांगल्या माणसानं लावलीय, ती तेवढी माझ्याकडं राहू दे." (वडील म्हणजे सासरे. मी त्यांना वडीलच म्हणायचे.)

सज्जनगड_पायथा

म्हसवडकर ताई, दाखल्यावर दादांची जन्मतारीख १ जून आहे का बघा बरं.

म्हसवडची_नात

@सज्जनगड_पायथा, हो! १ जून १९३९. तुम्हाला कसं कळलं?

सज्जनगड_पायथा

अहो, आमच्या दोन्ही आजोबांची, तिन्ही चुलत आजोबांची आणि शेजारच्या अण्णांचीही १ जूनच. शाळेत घालायला कुणीतरी न्यायचं, जन्माची नोंद नसायची, मास्तर जून महिना धरून तारीख टाकायचे. आमच्या वाड्यात १ जूनला एकच मोठा शिरा व्हायचा आणि सगळ्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस एका दमात उरकायचे.

रानवारा

आमच्यात पण १ जूनच. आजी म्हणायची, ह्यांचा जन्म बेंदराच्या आदल्या दिवशीचा, बैल धुऊन आणल्यावर कळा सुरू झाल्या. दाखला काहीही म्हणू दे.

कृष्णाकाठ_सांगली

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडील सांगलीत एका बोर्डिंगात राहून शिकले. त्यांनी एका जाड वहीत बोर्डिंगाचे सगळे दिवस लिहून ठेवले होते. कोण कुठल्या गावचा, कुणाच्या घरून शनिवारी भाकरीचं गाठोडं यायचं, ते कसं वाटून खाल्लं जायचं, कुणी विहिरीत पोहायला शिकवलं. वही कपाटाच्या खालच्या खणात होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आठ दिवसांनी दार उघडलं, तर वहीचा चिखलाचा गोळा झालेला. पानं एकेक करून सोडवली, वर्तमानपत्रात दाबून वाळवली. शाई धुऊन गेलेली. जिथे वडिलांनी शिसपेन्सिलीने लिहिलं होतं तेवढंच उरलं. उरलेल्या एका पानावर फक्त नावं आहेत, अठरा मुलांची, आणि दोन नावांपुढे फुली. फुली का, ते विचारायला वडील नाहीत.

म्हणून हात जोडून सांगणं आहे, आज रात्रीच कागदांचे फोटो काढा आणि दोन वेगळ्या गावांतल्या दोन माणसांना पाठवून ठेवा. म्हातारं माणूस घरात असेल तर मोबाइल चालू करून समोर ठेवा आणि बोलू द्या. त्यांना मध्ये थांबवू नका, साल चुकलं तरी दुरुस्त करू नका.

माणदेशी

सगळे गोड लिहिताय, मी थोडं कडू लिहितो. राग मानू नका.

माझे थोरले चुलते अकराव्या वर्षी एका बोर्डिंगात गेले. कुठल्या, ते लिहीत नाही. अंगभर खरूज झालेली. रात्री पोट भरायचं नाही. दळणाची पाळी चुकली म्हणून एका मोठ्या पोराने त्यांना ओल्या फोकाने मारलं. चौथ्या महिन्यात पळून आले. आजोबांनी परत नेऊन घातलं, परत पळाले. मग कुणी पाठवलं नाही. जन्मभर मेंढरांमागे फिरले. मरायच्या आधी दवाखान्यात मला म्हणाले, "तवा अजून एक महिना दम धरला असता तर?" ८१ वर्षांचा माणूस सत्तर वर्षांपूर्वीच्या एका महिन्याचा हिशेब करत होता.

माजी विद्यार्थी म्हटलं की टिकले तेवढेच मोजायचे का? चुलत्यांचं नावही कुठल्यातरी रजिस्टरात असेलच की. नावापुढे 'गैरहजर' लिहून पुढे रेघ मारलेली असेल. मला त्या रेघेबद्दल वाचायचंय.

अजिंक्यतारा

@माणदेशी, तुमच्या चुलत्यांबद्दल वाईट वाटलं. पण त्या काळी घरीसुद्धा पोटभर कुठे मिळत होतं? खरूज काय घरी होत नव्हती? बोर्डिंग नसती तर आमच्या घरातला एकही माणूस शिकला नसता. अशा चार गोष्टी लिहून लोकांच्या उपकारांवर पाणी पडू नये, एवढंच म्हणणं आहे.

माणदेशी

उपकार मीही मानतो. माझे वडील त्याच चुलत्यांच्या पाठचे. ते बोर्डिंगात टिकले, त्यांच्यामुळे आज मी हे लिहू शकतोय. दोघे एकाच आईची लेकरं. एकाचंच लिहिलं तर घरातली निम्मी गोष्ट सांगितल्यासारखी होते.

पोथी_वाचक

माणदेशींचं म्हणणं मला पटतं, आणि त्याला आधार खुद्द अण्णांच्याच आयुष्यात आहे.

भाऊराव पाटील स्वतः बोर्डिंगातून काढून टाकलेले विद्यार्थी होते! कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगात राहायचे. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून आत यायला सांगितलं. त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंग सुटली. मॅट्रिकही झाले नाहीत. म्हणजे टिकलेल्यांच्या यादीत त्यांचंही नाव नव्हतं.

त्याच माणसाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती सातारला आणली, आणि बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींनी सातारला येऊन त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव दिलं. मला नेहमी वाटतं की 'आंघोळ कर' हे वाक्य त्यांच्या कानात कायम राहिलं असेल. धनिणीच्या बागेतली पंगत हे त्या वाक्याला त्यांनी कामातून दिलेलं उत्तर होतं.

तेव्हा गैरहजर म्हणून रेघ मारलेल्यांचं लिहिलं तर उपकारांवर पाणी पडत नाही, अजिंक्यतारा.

अजिंक्यतारा

हे माहीत असूनही या बाजूने विचार केला नव्हता. माणदेशी, माझा प्रतिसाद जरा घाईचा झाला. तुमच्या चुलत्यांचं सविस्तर लिहा, मी वाचेन.

जाईची_वेल

इतके प्रतिसाद वाचले, सगळे मुलांचे. मी आजीचं सांगते.

आजीचा धाकटा भाऊ बोर्डिंगात शिकला, पुढे शिक्षक झाला, केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाला. आजी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्याला धान्य पोचवायला वडील पंधरा दिवसांनी जायचे. ते धान्य निवडायचं, पाखडायचं काम आजीचं. जोंधळ्यातले खडे वेचताना एकेक खडा ती उंबऱ्यावर ओळीने मांडायची आणि आईला म्हणायची, "हे बघ, एवढे दात वाचवले दादाचे." लहान असला तरी शिकायला गेला म्हणून भावाला दादा म्हणायची. आजीला स्वतःला अक्षर ओळख नव्हती. साठीनंतर नातवंडांच्या पाटीवर 'क' गिरवायला शिकली. कमळातला क तिला पाठीमागून काढायची सवय होती, शेपटीपासून सुरुवात.

अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं तर सगळ्यांना माहीत आहे. सातारच्या बोर्डिंगातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. बोर्डिंग वाढत गेलेली पाहायला त्या नव्हत्या. त्यांच्यासारख्या मोठ्या मनाच्या बाईचं नाव निदान राहिलं. पण धान्य निवडणाऱ्या आमच्या आजीसारख्या बहिणी किती असतील? मुष्टी फंडासाठी घराघरातून मूठ मूठ धान्य बाजूला काढलं जायचं म्हणतात. ती मूठ कुणाची होती? रोज दळायला बसणाऱ्या बाईची. तिच्या ताटातली.

माजी विद्यार्थ्याचं लिहाल तेव्हा त्याच्या बहिणीचं नाव विचारा, एवढीच माझी भर.

घाटमाथा

जाई, फार आतून लिहिलंस गं. सासऱ्यांच्या बहिणीचं नाव मला माहीत नाही, हे आत्ता लक्षात आलं. उद्या गावी फोन करते.

रानवारा

शेपटीपासून क काढणाऱ्या आजीला दंडवत.

पुणे_सातारा_पुणे

थोडं अवांतर. आमच्या जिल्ह्यात बोर्डिंग म्हटलं की बाहेरच्या लोकांना पाचगणीच आठवते. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, हे माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना पाठ. सैनिक स्कूलही ठाऊक असतं, १९६१ मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं. पण एकाच जिल्ह्यात वर पाचगणीत पियानो शिकणारी मुलं आणि खाली सातारला टिकाव-पाटी घेऊन स्वतःच्या वसतिगृहाच्या भिंती बांधणारी मुलं, दोन्ही एकाच काळात होती, हे सांगितलं की लोक चकित होतात. माझे काका 'कमवा आणि शिका'मधले, म्हणजे काम करून शिकलेले. नव्या फ्लॅटची पूजा होती तेव्हा सगळे पेढे खात होते आणि काका बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करत खोलीभर फिरत होते. एका कोपऱ्यात थांबले आणि म्हणाले, "इथं गिलावा पोकळ बसलाय." पहिल्या पावसाळ्यात नेमका तिथलाच पोपडा पडला.

सज्जनगड_पायथा

काकांना आमच्याही फ्लॅटला घेऊन या. चहा-भडंगाची सोय करतो.

निवृत्त_मास्तर_कराड

पंगतीचा विषय निघाला म्हणून मनात अडकलेलं एक सांगतो.

बोर्डिंगात माझ्या ताटलीशेजारी ज्याची ताटली असायची तो मातंग समाजातला. सहा वर्षं शेजारी जेवलो, एका घोंगड्यात झोपलो. मॅट्रिकनंतर माझ्या बहिणीच्या लग्नाला मी त्याला गावी बोलावलं. तो आला. आमच्या चुलत्यांनी त्याचं पान गोठ्याच्या बाजूला वेगळं मांडलं. मला दिसलं. मी उठलो नाही. लग्नघर आहे, वडील आजारी आहेत, आता नको, असं मनाला सांगत बसलो. तो चार घास जेवला, पान उचललं, हात धुतले, बहिणीला आहेर म्हणून दोन रुपये दिले आणि निघाला. मला काही बोलला नाही. पुढे त्याची पत्रं थांबली.

मी ३४ वर्षं शिक्षक होतो. वर्गात ओळी सरमिसळ बसवल्या, सहलीत एकत्र जेवायला लावलं. पण त्या दिवशी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसायला मला जमलं नाही. बोर्डिंगाने मला शिकवलं होतं, मी घरच्या उंबऱ्याशी विसरलो. आठवणी लिहायच्याच, तर ही माझी पहिली.

माणदेशी

मास्तर, हे लिहायला धीर लागतो. त्यांचा शोध घेतलात का?

निवृत्त_मास्तर_कराड

निवृत्तीनंतर गेलो होतो. त्यांच्या मुलाने चहा दिला. ते चार वर्षांपूर्वीच गेले होते.

पोथी_वाचक

मास्तर, नमस्कार करतो.

मूळ विषयावर एक व्यवहाराची गोष्ट. शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याची नोंद असते, आणि नातेवाइकांनी दाखल्याची प्रत दाखवून रीतसर अर्ज केला तर शाळा सहसा मदत करतात. रजिस्टराचं एक पान काय करू शकतं, हे सातारकरांना सांगायला नको. प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकाला भिवा रामजी आंबेडकर ही नोंद आहे, प्रवेश ७ नोव्हेंबर १९००. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नोंद करणाऱ्या कारकुनाला ते काय ठाऊक? त्याने तो आकडा आधीच्या आणि पुढच्या आकड्यांइतक्याच निगुतीने लिहिला.

प्रश्न विचारताना 'बोर्डिंगाने तुम्हाला काय दिलं' असं विचारू नका. भाषण मिळतं. पहिल्या रात्री कुठे झोपलात, अंगावर काय होतं, शेजारी कोण होतं, कोरड्यास कशाचं असायचं, असं विचारा. माझ्या आजोबांना मी हुलग्याच्या माडग्याबद्दल विचारलं, तर पाऊण तास बोलले. त्यात मला पहिल्यांदा कळलं की ते पहिला आठवडाभर रोज रात्री रडायचे, आणि स्वयंपाकघरातल्या म्हातारबाबांनी त्यांना चुलीजवळ झोपायची परवानगी दिली होती.

म्हसवडची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही येईल असं वाटलं नव्हतं. मास्तर, तुम्ही लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती.

ताटलीचं कळलं.

मास्तरांनी चौकशी करा म्हटलं होतं, म्हणून रविवारी गावी गेले. आजी आता ८२ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. तिच्या हातात ताटली दिली. तिने ती उलटी केली, त्या भोकावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "ही ह्यांची न्हाय. शिंप्याच्या पोराची."

दादांच्या शेजारी झोपणारा एक मुलगा होता, विट्याकडचा. दोघे एकाच वर्षी आले. त्याच्या ताटलीला नंबर ठोकताना भोक पडलं, म्हणून तो पातळ आमटीच्या दिवशी खालून बोट लावून जेवायचा. दादांनी त्याच्याशी ताटली बदलून घेतली, कारण दादांना तशीही आमटी आवडायची नाही, ते भाकरी कोरडीच खायचे. आठवीच्या सहामाहीनंतर त्या मुलाचे वडील वारले. निरोप आला आणि तो तसाच निघाला. वळकटी बांधायला दोरीसुद्धा नव्हती, दादांनी स्वतःची दिली. जाताना तो दादांची चांगली ताटली घेऊन गेला, ही दादांकडे राहिली. येतो म्हणाला होता. आला नाही.

ट्रंकेतली दोरी मग दादांनी नंतर नवी वळलेली असणार.

आजी म्हणाली, कोयनेला असताना दादा दोनदा विट्याला जाऊन आले. घर सापडलं नाही. १९६७ च्या भूकंपात कोयनानगरच्या चाळीची भिंत पडली, तेव्हा पहाटे अंधारात दादांनी आधी लेकरं बाहेर काढली आणि परत आत जाऊन ही ट्रंक काढली. आजी त्यावरून त्यांच्याशी महिनाभर बोलली नव्हती. "जीवापरीस ताटली जड झाली काय?" असं विचारलं, तर दादा म्हणाले, "त्याची हाय. मागितली तर काय देऊ?"

मला या मुलाचं नाव हवंय. आजीला आडनाव आठवत नाही, फक्त 'शिंप्याचा' आणि दादा त्याला हाक मारायचे ते 'बाळ्या'. १९५१ ला पाचवीत प्रवेश, १९५४ च्या दिवाळीच्या सुमारास शिक्षण सुटलं, भांड्याचा नंबर ८६. पोथी_वाचक, तुम्ही सांगितलंत तसा शाळेकडे अर्ज करतेय. माणदेशी, रेघ मारलेली नोंद आता मलाही शोधायची आहे.

माणदेशी

अर्जात 'वडिलांच्या निधनामुळे शाळा सोडली' असं जरूर लिहा, शोधायला सोपं जाईल. विट्याला माझा मावसभाऊ असतो, त्याला कापड पेठेत चौकशी करायला सांगतो. जुनी शिंपी घरं तिथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतील.

जाईची_वेल

आणि त्या मुलाला बहीण होती का, तेही विचारायला सांगा. भाऊ परत का गेला नाही, हे तिला आठवत असेल.

कृष्णाकाठ_सांगली

ताई, ताटलीच्या पाठीचा फोटो उन्हात तिरका धरून काढा, टिंबं स्पष्ट येतील. मला पाठवा. विट्याला दर गुरुवारी कामानिमित्त जाणं होतं. या गुरुवारी छापून बरोबर घेऊन जातो.